मामांचा डोंगर, आबांचं टेकाड

माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी माझ्या वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, आमचा मुलगा मास्तर आहे. दोन, आमच्याकडेसुद्धा डोंगर आहे, पोरीला परकं वाटणार नाही. पहिली गोष्ट खरी निघाली.

माझं माहेर पाटण खोऱ्यातलं. तिथे मागच्या दारानं बाहेर पडलं तरी डोंगर, पुढच्या दारानं पडलं तरी डोंगर. माझे वडील, म्हणजे आबा, सांगलीला हळदीच्या अडतीत मुनीम होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते औंढा नागनाथजवळच्या आमच्या गावातून हळद घेऊन सांगलीला यायचे. पोती उतरवायची, सौदा होईपर्यंत अडतीच्या ओट्यावर बसायचं आणि आपल्या मुलखाचं कौतुक सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या ओट्यावरच माझं लग्न ठरलं. मला बघायला मंडळी नंतर आली. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट.

लग्न करून आले तेव्हा वसमतहून आम्ही एस्टीत बसलो. शिरड शहापूर मागे पडलं तसे मामा पुढच्या सीटवरून वळले आणि म्हणाले, "बाई, आता डोंगर लागतो. पाह्य."

मी पाहिलं. काळीभोर रानं, मधूनमधून हळदीचे पट्टे, कापूस, बाभळी, आणि लांबवर जमीन जराशी फुगल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, डोंगर तिच्या मागे असेल. एस्टी त्या फुगवट्याला वळसा घालून पलीकडे गेली, तरी मागे काहीच निघालं नाही. "कसा काय वाटला?" मामांनी विचारलं. नव्या सुनेनं काय बोलावं? मी म्हणाले, "छान आहे." त्या एका शब्दानं मी पुढच्या कितीतरी वर्षांचं स्थलदर्शन ओढवून घेतलं.

तो डोंगर आमच्या गावाच्या पाठीशीच आहे. उन्हाळ्यात तपकिरी, दगडगोट्यांचा, अंगावर सीताफळीची झुडपं, थोडा साग, आणि पळस. पळस फुलला की मात्र तो पेटल्यासारखा दिसतो आणि मी त्याला मनातल्या मनात थोडे गुण वाढवून देते. 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात. आमचा डोंगर दुरून दिसतच नाही, त्यामुळे तो जवळ जाऊनच साजरा करावा लागतो.

आबा पहिल्यांदा मला भेटायला आले ते महाशिवरात्रीला. औंढ्याला त्या दिवशी मोठी जत्रा भरते, म्हणून त्यांनी तो मुहूर्त धरला असं मामांना वाटलं. खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्या जुन्या लोकांत रीत होती की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नाचा कण घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. एकदा दान केलं की त्यातलं परत खायचं नाही. नातवंड झालं की मग हरकत नाही, तेव्हा बाप नातवाच्या घरी जेवतो. मामांकडेही ही रीत होती, पण सैल पडलेली. आबांकडे ती बैलाच्या नव्या दाव्यासारखी घट्ट होती. म्हणून त्यांनी बेत केला की असा दिवस निवडायचा, ज्या दिवशी सगळेच उपाशी.

सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. आबा म्हणाले, "माझा निर्जळी असतो." आयुष्यात त्यांनी कधी निर्जळी केला नव्हता, पण देवाच्या नावावर खोटं बोलताना माणसाचा चेहरा किती सात्त्विक होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी येताना स्वतःचा फिरकीचा तांब्या भरून आणला होता. कोणाचं लक्ष नसताना ते त्यातलं घोटभर प्यायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघायला लागले तर तांब्या सापडेना. तो मामांनी धान्याच्या कणगीमागे लपवला होता. मामांचीही एक रीत होती आणि ती आबांच्या रीतीइतकीच हट्टी होती: दारात आलेला पाव्हणा जेवल्याशिवाय जायचा नाही. दोन रीती समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मधे मी.

"ईवाई," मामा आपल्या व्याह्यांना म्हणाले, "घरात न्हाई ना जेवत? नका जेवू. चला, तुमाला डोंगर दाखवतो."

मीही मागोमाग निघाले. वर चढायला फार वेळ लागला नाही. पायाखालचे दगड मात्र भारी सटकतात. वर पोचल्यावर मामांनी दोन्ही हात पसरले, तिकडे पूर्णा, तिकडे सिद्धेश्वरचं धरण, तिकडे नागनाथाचं शिखर. आबांनी टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "पाव्हणं, ह्ये टेकाड बघितलं. आता डोंगर कुठं हाय?"

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पाव्हणा होता. त्यांनी एका सागाच्या सावलीत फडकं सोडलं. आत्याबाईंनी दिलेल्या पोळ्या, ठेचा, कांदा. "ही जागा काई माझ्या बापाची न्हाई, फॉरेस्टची हाय. हितं जेवायला काई तकलीफ?"

"जागा फॉरेस्टची," आबा म्हणाले. "पीठ कुणाचं?"

मुनिमाशी हिशेबात वाद घालू नये, हे मामांना तेव्हा कळलं.

एवढ्यात शेळ्यांमागून एक बाई आली. डोंगराच्या खांद्यावर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या नायकाची ती बायको. सगळे तिला नायकीण म्हणायचे. त्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता बैल नांगराला, आणि मामांच्या शेताला त्यांचं शेत लागून. नायकीण वयानं आत्याबाईंएवढी, अंगात आरशांची काचळी, आणि आवाज असा की शेळ्या ऐकायच्या.

"दोघं म्हातारे काहून भांडून राहिले?" तिनं मलाच विचारलं. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं माहेर कुठं?"

"पाटण."

"ते कुठं आलं?"

"लई लांब," मामांनी मधेच सांगितलं.

"मंग हितं हिला आई न्हाई?" तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला शेळीच्या दुधाचा वास होता. "आजपून ही माझी लेक. माझं घर म्हंजे हिचं माहेर. बापानं लेकीच्या माहेरी जेवू न्हाई, असं कोण म्हणलं?"

आबांनी पळवाट शोधली. बराच वेळ शोधली. पण आदल्या दिवसापासून पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नव्हतं, त्यामुळे फार नेटानं शोधता आली नसावी. तांड्यावर नायकिणीच्या चुलीपुढे बसून त्यांनी जाड ज्वारीची भाकरी आणि लाल तिखट वरण असं काही हाणलं की नायकीण दोनदा पीठ मळायला उठली. मी त्यांच्या शेजारी जेवले. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं की या मुलखात माझंही कोणी आहे.

मामांचं समाधान मात्र झालं नाही. पाव्हणा जेवला, पण आपल्या घरी नाही जेवला. ते शल्य त्यांनी मनात धरलं.

मग दर शिवरात्रीला हाच खेळ. आबा यायचे, दारात पाय धुवायचे, ओसरीवर बसायचे, पाण्याला नको म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मामा त्यांना मुलूख दाखवायला न्यायचे आणि वाटेत नवा मुद्दा काढायचे. आबा तो खोडायचे. शेवटी सगळी वरात नायकिणीकडे जेवायला. आमच्या भागाचा भूगोल मी असा, एका माणसाच्या उपासापायी शिकले.

एका वर्षी सिद्धेश्वरचं धरण. मामा भिंतीवर उभे राहून पाण्याकडे असं बघत होते, जणू स्वतः टोपलीनं माती वाहिली. पाणी खरोखर सुंदर दिसत होतं, लांबवर होड्यांत भोई जाळी ओढत होते. आबा म्हणाले, "आमच्या कोयनंच्या धरणात ह्ये बुडंल."

"बुडंल," मामा म्हणाले. "पर तुमच्या कोयनेची वीज मुंबईला जाते. हे पाणी आमच्या हळदीला येतं. त्याच हळदीवर तुमी मुनीम झाले."

मामांनी लगेच डाव साधून भोयाकडून मासे घेतले, "हे तर सरकारी पाण्यातले हाईत, माझ्या घरचे न्हाईत." आबांना मासा म्हणजे जीव की प्राण. त्यांनी माशांकडे पाहिलं, गिळलं आणि विचारलं, "तळणार कुठं?" तळणार आमच्याच चुलीवर. मासे नायकिणीकडे गेले.

दुसऱ्या एका वर्षी औंढ्याचं देऊळ. हेमाडपंती, खालपासून वरपर्यंत कोरलेलं. आबांनी तिथे टेकाड-बिकाड काही काढलं नाही. भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरून ते बराच वेळ हात जोडून बसले. बाहेर आल्यावर मामांनी त्यांना कथा सांगितली, भक्ताला कीर्तनातून उठवलं तर हे अख्खं देऊळ त्याच्याकडे तोंड करून फिरलं. आणि कथा संपता संपता टोला हाणला, "ईवाई, देऊळ फिरतं, तुमी काहून फिरत न्हाई?"

"देवळाला लेक न्हाय," आबा म्हणाले.

नव्याण्णव साली परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. लोकांनी पेढे वाटले, मामांनी त्यात कायदा पाहिला. त्यानंतरच्या शिवरात्रीला आबा एस्टीतून उतरायच्या आत ते म्हणाले, "तुमी लेक दिली परभणी जिल्ह्यात. बराबर? आता हे घर हाय हिंगोली जिल्ह्यात. म्हंजे ज्या घरी लेक दिली ते घर हे न्हाई. चला फराळाला." एस्टीतले लोक हसले. कंडक्टरनं मामांच्या बाजूनं कौल दिला. आबा पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "जिल्हा बदलला वो. लेक तीच हाय."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण त्या रात्री भांडी आवरताना मला रडू आलं, ते सांगायलाच हवं. लग्नाला किती वर्षं झाली हे गल्लीतल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. नवससायास झाले, औंढ्याच्या फेऱ्या झाल्या, वसमतचे आणि परभणीचे दवाखाने झाले. घरात मला कोणी एका शब्दानं टोचलं नाही. पण दर शिवरात्रीला बाप माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन पाण्यालासुद्धा नको म्हणायचा, आणि ते 'नको' सगळ्या गल्लीला सांगायचं की हिची ओटी अजून रिकामी आहे. मला त्या रीतीचा संताप यायचा. आबांचाही यायचा. ते परत जायला निघाले की तो संताप जायचा आणि एस्टी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहायचे.

आत्याबाई दर वर्षी ते यायच्या आधी पितळेचं ताट चिंचेनं घासून ठेवायच्या. न जाणो, म्हणायच्या. ते गेले की ताट परत फळीवर.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं अशीच गेली. हळद आता कढईऐवजी वाफेवर शिजायला लागली, घरात फोन आला, हळदीचा बाजार वसमतलाच भरायला लागल्यावर मामांचं सांगलीला जाणं थांबलं. आबा अडतीतून घरी बसले. दोघांचे गुडघे बोलू लागले, पण डोंगरावर जाण्याचा हट्ट कोणी सोडेना. मामांना तो चढून दाखवायचा असायचा आणि आबांना तो टेकाड आहे हे सिद्ध करायचं असायचं.

मग एका थंडीत आम्ही नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं की आता आशा धरून स्वतःला त्रास करून घेऊ नका. येताना एस्टीत हे खिडकीबाहेर बघत राहिले आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. घरी मामा-आत्याबाईंना सांगितलं. मामा उठून बैलांना पाणी पाजायला गेले, आणि बैलांनी तासाभरापूर्वीच पाणी प्यायलेलं होतं.

मग शिवरात्र आली, आबा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, आत्याबाई आणि हे पुढे तांड्यावर गेले, नायकिणीला मदत करायला. मी आबांना घेऊन सावकाश चढत होते. निम्म्या वाटेत ते एका दगडावर टेकले. खाली आमचं घर दिसत होतं, सभोवार पळस फुलला होता.

"दम लागला का?" मी विचारलं.

"छ्या. बघतुय नुसतं."

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणाले, "आबा, मला मूल होणार नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता कधीच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काठीनं समोरचा एक गोटा उलटा केला, परत सुलटा केला. मग उठले, आणि वर जायच्या ऐवजी खाली चालू लागले.

"आबा, तांडा वर आहे."

ते थांबले नाहीत. मी मागे मागे. अंगणात आल्यावर त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, उंबरा ओलांडला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी कधी त्यांना तिथे पाहिलं नव्हतं. पाटही त्यांनीच ओढून घेतला.

"वाढ," ते म्हणाले.

मामांनी वरून पाहिलं असावं. ते धापा टाकत दारात आले, पायात एकच चप्पल. मागे आत्याबाई आणि हे. मामांनी पाटावर बसलेल्या व्याह्याकडे पाहिलं. ज्या दृश्यासाठी त्यांनी जिल्ह्याची हद्द, फॉरेस्टची जमीन आणि देवळाचं तोंड पणाला लावलं होतं, ते समोर होतं. आणि मामा म्हणाले, "न्हाई. ईवाई, उठा. आज हितं न्हाई जेवायचं."

"का वो?"

"रीत हाय. रीत म्हंजे रीत." त्यांचा आवाज फाटला. "नायकीण वाट पाहून राहिली. भाकर चुलीवर हाय. आमी अजून आस सोडली न्हाई, तुमी काहून सोडता? उठा."

आबा खाली मान घालून म्हणाले, "पाव्हणं, लेकीला लेकरू व्हायची वाट बघत इतकी वर्सं दाराबाहीर बसलो. आन माझं लेकरू हितं आत हुतं. बसा आता तुमीबी."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. दोघांपैकी कोण आधी रडलं ते मला आठवत नाही, कारण मला दिसत नव्हतं.

आत्याबाईंना मात्र वेगळंच सुचलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आगं बाई, घरात काईच न्हाई की! आज सगळा सैपाक तिकडं." त्यांनी इतकी वर्षं मनात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया असा बेत जपलेला. शिंकाळ्यावर निघाली सकाळची एक भाकरी, जवसाची चटणी आणि वाटीभर ताक. "थांबा हो, पुरण टाकते," त्या म्हणाल्या.

"भूक आता लागलीया," आबा म्हणाले.

पितळेचं ताट फळीवरून खाली आलं. त्या लखलखीत ताटात ती वाळकी भाकरी फार केविलवाणी दिसत होती. आबांनी ताकात कुस्करून सगळी खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चटणीत मीठ जास्ती हाय." मी म्हणाले, "आईनं शिकवलंय." आबा हसले, तेव्हा कुठे मामांनी डोळे पुसले.

तासाभरानं नायकीण स्वतः खाली आली. डोक्यावर भाकऱ्यांची टोपली आणि तोंडात शिव्या. काय झालं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. मग आबांना दरडावून म्हणाली, "लेकीच्या घरचं झालं न्हवं? आता माहेरचं बी खा." आबांना पुन्हा जेवावं लागलं.

संध्याकाळी दोघे व्याही ओसरीवर बसले होते. माझ्या हातचा चहा आबांनी पहिल्यांदा घेतला, बशीत ओतून, फुर्र करून. समोर डोंगरावर उन्हं उतरत होती. मामा हळूच म्हणाले, "ईवाई, उद्या सकाळी जायचं का टेकाडावर?"

आबांनी बशी खाली ठेवली.

"टेकाड काय म्हंता," ते म्हणाले. "डोंगर हाय त्यो. मला आज निम्माबी चढवला न्हाय."